बू येमचा मोबाइल डिकीत असतो

"आज महिनाअखेर. संध्याकाळी सहाच्या आत दोन भाडी, बू येम. नाहीतर तारा गेला." पाक गियार्तोनं चहाचा ग्लास गुडघ्यावर टेकवला.

"मोजत बसलात वाटतं सकाळपासून?"

"सगळा स्टँड मोजतोय."

सालातिगाच्या बाजारामागं, विलायती शिरीषाच्या सावलीत दुचाकी टॅक्सीवाल्यांचा स्टँड आहे. सतरा बाप्ये आणि एक बाई. बाईचं नाव वार्सियेम, वय एक्कावन्न, आणि सगळे तिला बू येम म्हणतात; तिथं मोठ्या बाईला बू म्हणायचं, बाप्याला पाक. अॅपवर तिच्या नावापुढं चार वर्षं तारा होता. हाक आली की दहा सेकंदांत घ्यायची. महिनाभरात पुरेशा घेतल्या तर तारा टिकतो आणि जवळचं भाडं आधी आपल्याला मिळतं. स्टँडवर तारा फक्त तिघांना. त्यात एक बाई, याचा तिला भारी तोरा होता, आणि ती तो लपवतही नसे.

बाकीचे मोबाइल हँडलला अडकवत. गियार्तो तर तो हेल्मेटात, गालाशी कोंबून ठेवी आणि वळणावळणावर बोलत जाई. बू येमचा मोबाइल मात्र चाक फिरायला लागलं की सीटखालच्या डिकीत. भाडं पोचवलं, गाडी उभी केली, की मगच बाहेर. आत फोन वाजला की 'बू येमची डिकी रडते' म्हणून गियार्तो चिडवी.

पहिल्या वर्षी तीही हँडलकडे बघायची. एकदा नुसता घराचा नंबर वाचायला मान खाली घातली आणि समोर टोफूवाल्या पाक क्लिवोनची हातगाडी. त्याचं नडगीचं हाड मोडलं. नुसती माफी मागून ती घरी गेली नाही. दोन महिने रोज पहाटे त्याची गाडी तिनंच ढकलली, गल्लीगल्लीत टोफू विकला, आणि दुपारनंतर भाडी मारली. क्लिवोन उभा राहिला त्या दिवसापासून मोबाइल डिकीत.

सव्वापाचला पहिलं भाडं आलं. पालुपीबाई, शाळेतल्या शिक्षिका, तुंतांगच्या बाजूला जाणाऱ्या. अर्धा उतार झाला असेल.

"बू, माझ्याखाली काहीतरी गुरगुरतंय."

"फोन आहे. गुरगुरू दे."

"भाडं असेल हो."

"असणारच."

"मग घ्या ना! मी जरा उठते, तुम्ही मागं हात घाला."

"बाई, तुम्हाला सांभाळू, फोनला सांभाळू, की शेजारच्या ट्रकला?"

एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला ट्रक. थांबायला वीतभर जागा नव्हती. गुरगुर थांबली. बू येमनं ब्रेक हलकेच दाबत वळण घेतलं. पालुपीबाई पुढं वाकल्या.

"तुमचं काही गेलं का माझ्यामुळं?"

"तुमच्यामुळं नाही," ती म्हणाली. पण गेलं नाही, असं काही तिला म्हणवेना.

बाईंना सोडून तिनं डिकी उघडली तेव्हा सहा वाजून चार मिनिटं झाली होती. नावापुढची जागा मोकळी होती. तिथंच रस्त्याकडेला ती थोडी बसली. मग उठून तिनं हेल्मेटचा पट्टा आवळला.

स्टँडवर बातमी तिच्या आधी पोचली होती.

"चार वर्षांचा तारा, बू, आणि दहा सेकंदांत गेला!" कुणीतरी हसत ओरडलं.

"त्या दहा सेकंदांत मी रस्ता बघत होते," ती म्हणाली आणि गाडी नेहमीसारखी, सगळ्यांच्या पुढं लावली. गियार्तो हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या दारात उभा. अंघोळ केलेला, बाटिकचा शर्ट घातलेला.

"माझ्या लेकीला, वेनिंगला, गेटासानला न्यायचंय. सासरी. आज सातव्या महिन्याचं न्हाण आहे तिचं."

"गाडी आहे की तुमच्याकडं. तारापण आहे."

गियार्तोनं गाल चोळला. "माझा हात आपोआप इकडं जातो, बू. पंधरा वर्षांची खोड आहे. रात्री स्टँडवरचा एकेक जण डोळ्यांपुढं आणला. पोटुशी पोर मागं बसवायला तुमच्याशिवाय कुणावर मन ठरेना."

"कालपर्यंत माझी डिकी रडते म्हणत होता."

"म्हणत होतो. त्याचं काय करू आता?"

"काही नका करू. चहा घ्या, मी येते."

गेटासानचा चढ तिनं असा चढला की वेनिंगला एकदाही तिची कंबर घट्ट धरावी लागली नाही. अंगणात जाईची फुलं घातलेली पाण्याची घागर तयार होती. सात मोठ्या माणसांनी पोरीवर पाणी घालायचं. ज्यांचं वागणं बाळानं घ्यावं असं वाटतं, अशी सात. सहा जणी रांगेत होत्या. वेनिंगच्या सासूनं नारळाच्या करवंटीचा सातवा डवला उचलला आणि इकडंतिकडं न बघता सरळ फाटकाशी गाडी लावणाऱ्या बाईकडे आली.

"अहो, मी भाडं घेऊन आलेय," बू येम म्हणाली.

"मग काय झालं?" सासू म्हणाली. "वेनिंगनं नाव घेतलंय तुमचं. बापानं आधी, मग तिनं."

बू येमनं जाकिटाच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या. डवला भरला, आणि एक थेंब इकडंतिकडं न सांडता, सावकाश, पोरीच्या खांद्यावर ओतला.