दिवे गप्प करणारा गहिनीनाथ

गहिनीनाथ गाड्यांचे दिवे गप्प करायचा. धारूरात त्याचं गॅरेज आणि माझं टायरचं दुकान भिंतीला भिंत लावून, त्यामुळे हा उद्योग मी वर्षानुवर्षं डोळ्यांनी पाहिला.

दिवे म्हणजे स्टिअरिंगसमोर काट्यांच्या शेजारी असतात ते. एअरबॅगचा लाल, ब्रेकच्या एबीएसचा पिवळा, आणि गाडी घसरायला लागली तर तिला सावरणारी यंत्रणा असते, तिचा आणखी एक. आत काही बिघडलं की हे दिवे पेटतात आणि पेटूनच राहतात. शोरूमला जावं तर पार्ट महाग, वर हेलपाटे. त्यापेक्षा गहिनी बरा. तो त्या काट्यांच्या मागे बोटाच्या पेरभर एक सर्किट बसवायचा. किल्ली फिरवली की दिवे पेटायचे, क्षणभर राहायचे आणि चांगल्या गाडीत विझतात तसे विझायचे. बिघाड आपला जागच्या जागी. सुंठीवाचून खोकला गेला म्हणत गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. मी एकदा म्हणालो, "गहिनी, खोकला गेला न्हाई बे, तू पेशंटचं तोंड दाबलंस." तर म्हणाला, "तू तुझे टायर बघ."

माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही त्याला वाईट ठरवणार. अंगानं काडी, कानामागे कायम टेस्टर, आणि कामाला बसला की गाडीशी बोलायची सवय. सरकारी दवाखान्याच्या अँब्युलन्सचा भोंगा बिघडला तर पैसे घेत नसे. एकुलती एक लेक योगिता कॉलेजातून येताना दुकानावरून गेली, की हातातलं काम टाकून "जेवलीस का गं?" एवढं विचारायचाच. घरी त्याची बायको अंजना म्हणायची, ह्यांचा जीव पोरीच्या ओढणीला बांधलाय. खरंच होतं ते.

मग ती गाडी आली. पाटोद्याकडच्या एका पुढाऱ्याचा पोरगा, पप्पू, त्यानं पुण्यातून जुनी स्पोर्ट्स कार उचलून आणली होती. लाल भडक, वरचं छत उघडणारी, पोट जमिनीला टेकलेली. मागची सीट नावापुरती, दोन माणसं अंग चोरून बसतील एवढीच. वय विचाराल तर पप्पू शाळेत होता तेव्हाची. तिन्ही दिवे पेटलेले होते. गहिनीनं दिवसभर ती उघडून बघितली आणि संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसला.

"चाकापाशी सेन्सर मेलेत, स्टिअरिंगखाली एअरबॅगची तार तुटलेली, सावरायची पेटी तर पार जळालेली," तो म्हणाला. "ब्रेक दाबला तर चाकं तिथल्या तिथं जाम होत्याल. आंधळी गाडी हाय ही."

"मग सांग की त्याला."

"सांगितलं. तो म्हणतो, मला रेस लावायची न्हाई, दिवे तेवढे घालव. लई खुपत्यात डोळ्याला."

पुढाऱ्याच्या पोराला नाही म्हणायची रीत आमच्याकडे नाही. गहिनीनं दिवे घालवले. पप्पू दोन महिने ती बाजारातून भरधाव फिरवून कंटाळला आणि विकायला काढली.

घेतली लखननं. डोंगराकडच्या वस्तीवरचं मेंढपाळाचं पोर. बाप लहानपणीच गेलेला, आई रतनबाईनं मेंढरांच्या मागं रानोमाळ हिंडून त्याला वाढवलं. लखनच्या डोक्यात होतं, की ही गाडी लग्नात नवरा-नवरीला भाड्यानं द्यायची. आख्ख्या जिल्ह्यात अशी दुसरी नव्हती. रतनबाईनं कळप विकला. नंतर ती मला म्हणाली, मेंढरं टेंपोत चढताना माझ्याकडंच बघत होती, मीच तोंड फिरवलं.

सौदा गहिनीच्या गॅरेजपुढेच ठरला. लखन त्याला मामा म्हणायचा. "मामा, तुमचा हात लागलेली गाडी हाय म्हणून घेतोय. काय खोट न्हाई ना?"

पप्पू शेजारीच उभा होता, गॉगल पुसत. गहिनी म्हणाला, "दिवे बघ की."

लखननं किल्ली फिरवली. दिवे पेटले, विझले. पोर असं हसलं, की ते हसू मला आजही आठवतं.

गाडीनं त्याला साथ दिली. लग्नसराई अशी गेली की लखनला जेवायला फुरसत नव्हती. तसा तो सावकाश चालवायचा. पण ती गाडी आमच्यापुढून घाटाकडे निघाली, की गहिनीचे हात थांबायचे. आवाज विरेपर्यंत तो पान्हा धरून नुसता बसून राहायचा. गाडी रोज नीट चालतेय म्हणून तिची खोट मीही विसरलो होतो; मला वाटायचं, ऐकतोय कौतुकानं. चोराच्या मनात चांदणं असतं हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात योगिताचं लग्न ठरलं. स्थळ गेवराईकडचं, उमापूरचं. आणि लखन पेढा घेऊन गॅरेजात आला. "मामा, योगिता माझ्याच गाडीतून जायची. भाडं बोलायचं न्हाई. तुमच्यामुळं भाकर खातोय मी."

गहिनीच्या हातातला पेढा तसाच राहिला. "कशाला रे? क्रूझर जीप बरी. उन्हाचं उघड्या गाडीत..."

"छत लावू की मामा!"

त्यानंतर गहिनी वाळत गेला. लोक म्हणाले, लेक चालली, बापाला घोर लागणारच. तो पुण्याला फोन करून पार्ट विचारायचा. पार्ट बंद झालेले होते. पाव्हण्यांना म्हणाला, ती गाडी नको. पाव्हणे म्हणाले, आमच्या गावात सांगून झालंय, वरात लाल गाडीतूनच निघणार. आता एकच वाट उरली होती, लखनला खरं सांगायची. पण लखनला सांगायचं म्हणजे रतनबाईला सांगायचं, की तुझ्या मेंढरांच्या बदल्यात तुझ्या पोराला मी काय घेऊ दिलं. आणि एकदा ते फुटलं, की तालुक्यातल्या निम्म्या गाड्यांचे मालक दारात येणार. मूग गिळून तो लग्नाच्या दिवसापर्यंत आला.

लग्न नीट लागलं. जेवणं उरकली, उन्हं कलली. लाल गाडी झेंडूच्या माळा घालून मांडवापुढे उभी होती. योगिता आणि जावई मागच्या सीटवर बसले. अंजना रडत होती, बायका रडत होत्या, बँडवाले रडक्या चालीत वाजवत होते. गहिनी तेवढा रडत नव्हता. त्याचं तोंड राखेसारखं झालं होतं.

आमच्याकडे नवरीची गाडी निघताना पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवतात. चाक फिरतं, लिंबू फुटतं, दृष्ट तिथंच राहते. नवरदेवाची आजी, सारजाबाई, लिंबू घेऊन पुढे आली, तर गहिनीनं ते तिच्या हातातून घेतलं. "मी ठेवतो." वाकला, बराच वेळ वाकलेलाच राहिला. उठला आणि लखनला हात केला.

गाडी हलली. लिंबू चाकाच्या बाजूनं गडगडत आलं आणि बँडवाल्याच्या बुटाला लागून थांबलं. अख्खं, पिवळंधमक.

बँड आपोआप थांबला. गहिनीनं लिंबू उचललं, वर धरलं आणि म्हणाला, "फुटलं न्हाई."

सारजाबाईनं छातीवर हात ठेवला. "उतरवा! पोरीला आधी उतरवा!"

आठ दिवस ज्यांनी गहिनीचं ऐकलं नव्हतं, त्यांनी त्या लिंबाचं एका शब्दात ऐकलं. योगिता आणि जावई क्रूझरमध्ये बसले. गहिनीच्या तोंडावर रंग परत आला. मी मनात म्हटलं, देवाधर्माला न मानणारा हा गडी लिंबाला एवढा घाबरला?

लखनचं तोंड मात्र पार उतरलं होतं. गावभर त्याच्या गाडीची शोभा झाली. जावयाच्या चुलत्याला दया आली. तो म्हणाला, "अरे, गाडी मोकळी मागून येऊ दे. घाट उतरला की दुसरं लिंबू ठेवू. वरातीला लागंलच की."

लखननं गहिनीला बाजूला घेतलं. मी हाताच्या अंतरावर होतो. "मामा, गाडीत काय हाय का? खरं सांगा. असलं तर मी नेत न्हाई."

सगळं त्या एका प्रश्नात होतं. पोरगी सुटली होती. तोंडातून दोन शब्द काढायचे होते. गहिनी म्हणाला, "न्हाई रे. लिंबाचं काय एवढं. हळू जा."

लखननं किल्ली फिरवली, दिवे विझलेले पाहिले आणि माझ्याकडे बघून हात केला.

घाटात पाण्याचा टँकर वर चढत होता. ह्या दिवसांत आमच्याकडे टँकरवरच गावं जगतात, आणि एकही टँकर न गळता चालत नाही. वळणावर रस्ता ओला झाला होता. क्रूझर पुढे निघून गेल्या होत्या. फोन आला आणि आम्ही धावलो. टायरच्या धंद्यात माझे केस पांढरे झालेत, रस्त्यावरचे डाग मला वाचता येतात. ओल संपली तिथून दोन काळे पट्टे वळणाकडे वळलेच नव्हते, सरळ कठड्यापर्यंत गेले होते. चाकं जाम होऊन घसरली होती. एअरबॅग स्टिअरिंगच्या पोटातच होती. लखन गेला होता.

पुढचं ऐका, लोक काय चीज असतात ते. गहिनीचं नाव झालं. त्याच्या हातात लिंबू बोलतं म्हणाले. नवा ट्रॅक्टर घेतला की लोक त्याच्याकडे यायला लागले, दादा, एवढं चाकाखाली ठेवा. तो आत जाऊन शटर ओढून घ्यायचा. लखनची गाडी क्रेननं आणून त्याच्याच आवारात टाकली होती, तिच्यावर ताडपत्री घातलेली.

तेरावं झाल्यावर रतनबाई आली. रडून रडून आवाज बसलेला. मी तिला माझा स्टूल दिला, पण ती बसली नाही. गहिनी बाहेर येऊन उभा राहिला.

"दादा," ती म्हणाली, "तुमच्या लिंबानं तुमच्या लेकीचं सांगितलं. चांगलं झालं, पोर वाचली. पर माझ्या लेकराला कावून न्हाई उतरवलं?"

 गहिनी मला म्हणाला, "गाडीची बॅटरी आण."

मी बॅटरी आणली. त्यानं ताडपत्री ओढली. पुढचा भाग चुरा झाला होता, पण ह्या गाडीची बॅटरी मागे डिकीत असते, तिथल्या तारा शाबूत होत्या; उतरलेली काढून त्यानं मी आणलेली जोडली. त्यानं वाकडं दार ओढून उघडलं, रतनबाईला जवळ बोलावलं आणि किल्ली फिरवली. तिन्ही दिवे पेटले आणि विझले.

"लखन रोज एवढंच बघायचा," तो म्हणाला.

मग काट्यांच्या मागे हात घालून त्यानं ते पेरभर सर्किट उपटून काढलं, तारा जोडल्या, आणि पुन्हा किल्ली फिरवली. तिन्ही दिवे पेटले. रतनबाई विझायची वाट बघत राहिली.

"हे कवा इझायचे?"

"न्हाई इझायचे. तुमी गाडी घेतली तवापासून पेटलेलेच हायेत. ब्रेकमध्ये खोट होती, मला ठाऊक होतं. मी दिवे झाकले. लिंबू बी मीच चाकाच्या बाजूला ठेवलं होतं."

मला वाटलं, ही आता त्याला मारणार. मारावं असं मलाही वाटत होतं, आणि स्वतःलाही दोन द्याव्यात असं वाटत होतं, कारण खोट मलाही ठाऊक होती. पण ती मटकन खाली बसली, उघड्या दारापाशी, लखनचे पाय असायचे तिथं हात ठेवून.   दिव्यांचा लाल-पिवळा उजेड तिच्या तोंडावर पडला होता. शेवटी गहिनीला सहन होईना, त्यानं किल्लीकडे हात नेला.

रतनबाईनं त्याचं मनगट धरलं. इतक्या वर्षांत तिनं त्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "आता इझवू नको."