उतरवायची परवानगी

आमच्या ह्यांना बागेचे रखवालदार म्हणून कुणी ओळखत नाही. सगळे ह्यांना 'लिहिलंय का' म्हणतात. काहीही विचारा, आधी फाटकाजवळच्या फलकाकडे बोट. एकदा एक गृहस्थ हिरवळीवर खुशाल पसरून घोरत होते. मी म्हटलं, "अहो, उठवा की त्यांना." तर म्हणे, "बसू नये असं लिहिलंय. झोपू नये असं कुठं लिहिलंय?" अशा माणसाशी संसार केला, मलाच बक्षीस द्यायला हवं.

मग फलकावर नवी ओळ आली: परवानगीशिवाय ड्रोन उडवू नये. आणि आमच्या लेकीनं नेमका ड्रोननं चित्रीकरण करायचा धंदा सुरू केलेला! एकच ड्रोन, तोही कुणाचा तरी वापरलेला. पहिलं काम मिळालं तेही ह्यांच्याच बागेचं. एका आर्किटेक्ट बाईंना बाग वरून बघायची होती, आणि काम पसंत पडलं तर त्या पुढची सगळी कामं हिलाच देणार होत्या. कचेरीत खेटे घालून पोरीनं परवानगी आणली. घरी ह्यांनी त्या कागदाला हातसुद्धा लावला नाही. "फाटकावर दाखव," म्हणाले. मी काय काय बोलले! पण माझं बोलणं उडवून लावायला ह्यांना कधी परवानगी लागली नाही.

सकाळी मी डबा द्यायचं निमित्त करून बागेत गेले. ह्यांनी चष्मा पुसून कागद दोनदा वाचला, मान हलवली, आणि ड्रोन भुर्रकन वर गेला. हिरवळ, तळं, झाडांचे शेंडे, सगळं टिपून झालं. बघायला आलेल्या बाई खूश. लेक ड्रोन खाली आणू लागली, तसे हे आडवे आले.

"थांब! ह्यात उडवायची परवानगी आहे. उतरवायची कुठाय?"

"बाबा, मग काय वरच ठेवू?"

ह्यांनी कचेरीत फोन लावला. साहेब जागेवर नव्हते. इकडे पोरीच्या हातातलं यंत्र टीं टीं करायला लागलं. "बॅटरी संपतेय, बाबा! तळ्यात पडला तर माझं कामच गेलं." तिचा आवाज रडवेला झाला.

"अहो, पोटची पोर आहे!" मी ओरडले.

"म्हणूनच! रखवालदाराची मुलगी म्हणून चालवून घेतलं, असं कुणी म्हटलं तर हिला पुन्हा परवानगी देईल का कुणी?" तोंड एवढंसं झालं होतं ह्यांचं. मला रागही आला आणि कीवही.

एकदम काय झालं कुणास ठाऊक, हे पळतच सुटले. गुडघे दुखतात म्हणून घरी नारळाएवढं ओझं न उचलणारा माणूस! थेट फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले आणि हात वर केले. "इकडे आण! माझी हद्द संपली. रस्त्याचं काय ते रस्तेवाले बघतील!"

"खालून धरा, बाबा! बोटं पात्यांत घालू नका!"

ड्रोन डुगडुगत आला. ह्यांनी डोळे गच्च मिटले, पण हात हलू दिले नाहीत. पाती थांबली. बाई टाळ्या वाजवत होत्या, आणि माझ्या डोळ्यांना धार लागली होती.

लेक धापा टाकत पोचली. "द्या, बाबा. झालं आता."

"थांब गं," हे म्हणाले. "तापलाय. निवू दे जरा, मग घे."