चोवीस लूमचा ठेका

साऱ्या ठाणे जिल्ह्यात खरं जॅझ वाजवणारा माणूस एकच, आणि तो माझा मामा. यावर कुणाला वाद घालायचाच असेल, तर मी पदर खोचून तयार आहे.

मामा ट्रम्पेट शिकला मुंबईच्या एका गोवेकर मास्तरांकडे, पण घोटलं ते नारपोलीच्या कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात, जिथे तो कामाला होता. घरी वाजवायला लागला की आजी कावायची, "घरान वाजवलास त जेवान न्हाय भेटनार!" म्हणून शिफ्ट संपली की तो तिथेच, चोवीस लूमच्या खडखडाटात बसून वाजवायचा. तिथे तक्रार करणार कोण? शेजारच्याची हाकसुद्धा ऐकू येत नाही! आधी गाणं सरळ वाजवायचं, मग त्याला हवं तिथे भटकवून परत घरी आणायचं. "यालाच जॅझ म्हनतात," मला सांगायचा. "गानं त्यांचं, वाट आपली."

पुढे त्याने स्वतःचा बँड काढला. लाल कोट, सोनेरी झुपके, सगळं रीतसर. पण वरातीत मामा एकदा का भटकायला निघाला, की नवरदेव घोड्यावर ताटकळलाच. वळ गावच्या एका लग्नात मुहूर्त टळतोय म्हणून भटजी बोंबलत आले, तर नवऱ्याचा बापच त्यांना म्हणाला, "थांबा हो भटजी, मास्तर अजून परत आलं न्हाय!" अहो, इतका मान आमच्याकडे आमदारालाही नाही.

एकच गोष्ट त्याला सलत होती. तरुणपणी तो मुंबईच्या एका बड्या हॉटेलात जॅझ बँडसाठी वाजवून दाखवायला गेला होता. पायाखाली गालिचा, गार हवा, सगळं चिडीचूप. ट्रम्पेट ओठाला लावलं, पण काही केल्या सूर निघेना. शेवटी बिचारा म्हणाला, "साहेब, कुनी जरा खडखड करता का?" साहेब लोक पोट धरून हसले. मामा परत आला, तो पुन्हा कधी शांततेत वाजवायचं नाही असं ठरवूनच. घरी सूर लावायचा, तर मामीने आधी रिकामा मिक्सर फिरवायचा. किती मिक्सर जळले, विचारू नका.

यंदा शेठनी कारखाना विकला. तिथे गोदाम होणार. शेवटच्या दिवशी मामाला खास बोलावणं आलं आणि मीही सोबत गेले. एक म्हातारे कारागीर म्हणाले, "मास्टरजी, आख़िरी बार हो जाए." मामा सुरू झाला. भटकत भटकत पार लांब गेला, आणि इकडे एकेक लूम बंद होऊ लागला. मी मनात हात जोडले. म्हटलं, देवा, आज या सगळ्यांसमोर पुन्हा ते हॉटेल नको. शेवटचा लूम थांबला, आणि मामाही अर्ध्यातच थांबला.

"न्हाय जमत गं," तो हळूच म्हणाला. "कायच ऐकू येत न्हाय."

"मामा, तुझा पाय बघ!" मी ओरडलेच.

त्याचा उजवा पाय अजून लूमच्याच ठेक्यात चालला होता. मामाने पायाकडे पाहिलं, हसला, ट्रम्पेट उचललं आणि त्या शांततेत गाणं सुखरूप घरी आणलं. मी ढसाढसा रडले, खोटं कशाला सांगू? हॉटेलातल्या त्या साहेबांनी तेव्हा तिथे असायला हवं होतं.

आता मामा घरी शांततेत वाजवतो. त्याने ट्रम्पेट काढलं की मामी मात्र सवयीने मिक्सरपाशी जाऊन उभी राहते, आणि बटणावरचा हात तसाच ठेवून ऐकत राहते.