उरलेलं टोक

मी भूतखेत मानत नाई. आंधळगाव, तालुका मोहाडी. सत्तर वर्षं हातमागावर बसलो. शाळा दुसरीपर्यंत, पण अजून कोणी मले भेव घातलं नाई. हे मी स्वतः लिहून राहिलो... हसणाऱ्यानं हसावं.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारचे साडेतीन. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून मी सांधणी करत होतो — संपलेल्या ताण्याचं, म्हंजे उभ्या सुताचं, एकेक टोक नव्या ताण्याच्या टोकाले राख लावलेल्या बोटानं पिळून जोडत होतो. बाजूले नात मोनाली, वही घेऊन. घरच्या जुन्या कागदात सारे बाप्येच, म्हणून तिले माह्या मायकडल्या बायांची नावं पाहिजे होती.

"माही माय सीता. तिची माय भागीरथा."

"अन् तिची, आबाजी?"

"लिव... पार्वता."

खोटं सांगितलं. पार्वता पणजोबाची पहिली बायको, लेकरू न होताच मेली. भागीरथाची खरी माय मंजुळा. पहिल्या नवऱ्याले सोडून आलेली, पाट लावून पणजोबाची दुसरी बायको झालेली. तिचं नाव आमच्यात कोणी घेत नाई. मीही कधी घेतलं नाई.

मंग पाहतो तं जुनं एक टोक उरलं. त्याले नव्यात जोडीच नाई! मी मोजून ताणा लावणारा माणूस. चिडून ते तोडाले वाकलो... अन् पाय हलेनात. घोट्याले कोणी सूत गुंडाळून आवळावं तसे.

मोनाली हसली. "नाटक नका करू न!"

मंग काखेत हात घालून ओढलं तिनं. मोबाईलचा उजेड खड्ड्यात मारला. खाली काहीच नाई.

"बाबाले बोलावू?"

"काहून? गावाले तमाशा दाखवतं का?"

पाच वाजले. आवळ मांडीपर्यंत चढला. पोरगी रडाले लागली. "आबाजी, मले भेव लागून राहिलं..."

तिच्याकडं पाहवलं नाई. नजर त्या बिनजोडीच्या टोकावर गेली, अन् खोटं सांगितलेलं नाव आठवलं. म्हटलं, "पार्वता खोड. मंजुळा लिव. पाटाची होती. माही सख्खी पणजी."

तिनं लिहिलं, अन् पाय सुटले.

डॉक्टर म्हणते नस आखडली. असन. पण पाय सुटल्यावर पाहिलं तं उरलेल्या त्या टोकाले नवं टोक सांधलेलं होतं, अन् पीळ उलटा, डाव्या हाताचा. मी उजवा. मोनालीले सांधणी येतच नाई.

तो पीळ मी उकलला नाई. तसाच विणला.

मंजुळा डावखुरी होती का? कोणाले विचारू? तिचं नावच आम्ही घेतलं नाई, तं तिचा हात कोण ध्यानात ठेवन!