मागून मारलेली हाक

लुंबिनीत माझ्यासोबत जे घडलं त्याला काय नाव द्यावं, हे मला अजून कळत नाही. आम्ही बौद्ध माणसं. नवस बोलायचा नाही, चमत्कार मानायचा नाही, हे मी लहानपणापासून घरात ऐकत आले आणि मुलालाही तेच शिकवलं. त्यामुळं चमत्कार म्हणणार नाही. जसं झालं तसं सांगते, बाकी वाचणाऱ्यांनी ठरवावं.

मी बिडकीनजवळच्या एका गावात उभी हयात अंगणवाडी सेविका म्हणून काढली. मूल मान कधी धरतं, पालथं कधी पडतं, बसतं कधी, हाकेला वळून कधी बघतं, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. एखाद्या घरात लेकरू मागं पडलेलं दिसलं की मी तिथल्या आजीशी भांडायचे. ‘आमच्यात लेकरं उशिराच बोलतात’ असं कुणी म्हातारी म्हणाली की माझं डोकं फिरायचं. सुनेला बाजूला घेऊन सांगायचे, सासूचं ऐकू नको, डॉक्टरला दाखव. आणि माझ्या स्वतःच्या नातीची वेळ आली तेव्हा मी अगदी तशीच म्हातारी झाले.

मैत्री ही माझ्या मुलाची मुलगी. मान, बसणं, रांगणं, सगळं वेळच्या वेळी. सातव्या महिन्यात माझी सून शीतल पहिल्यांदा म्हणाली, आई, ही आवाजाला बघत नाय. मी म्हणाले, दार आपटलं की दचकते की! हिचा बाप तरी कुठं लवकर बोलला होता? शीतल पुन्हा पुन्हा सांगत राहिली. एकदा मी चिडून म्हणाले, गावभरची लेकरं बघितलीत मी, मला शिकवू नको. त्यानंतर ती गप्प झाली. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मागून हाक मारून बघायची साधी परीक्षा मी गावातल्या प्रत्येक लेकराची घेतली, पण मैत्रीची एकदाही घेतली नाही. घेतली असती तर उत्तर कळलं असतं, आणि ते मला नको होतं.

मैत्रीला दहावा महिना लागला आणि आमच्या विहारातल्या मंडळींची बोधगया, कुशीनगर, लुंबिनी अशी सहल ठरली. मुलानं रजा काढली होती ती खरं तर मैत्रीला दाखवायला. शीतलनं डॉक्टरची वेळसुद्धा घेतली होती. मी ती रद्द करायला लावली. तथागतांचं जन्मस्थान बघायचं, तेही सगळ्या घरानं मिळून, असा हट्टच धरला. दोघांनी माझा मान ठेवला. सोनौलीला सीमा ओलांडून नेपाळात शिरलो तेव्हा सगळ्या बाया म्हणाल्या, बघा, आपण परदेशात आलो. शीतल खिडकीबाहेर बघत होती.

लुंबिनीत आम्ही सगळ्यांनी पांढरे कपडे घालून मायादेवी मंदिराचं दर्शन घेतलं. बाहेर बसून त्रिसरण, पंचशील म्हटलं. माझे डोळे मिटलेले होते आणि मनात एकच चाललं होतं, लेकराचं सगळं नीट असू दे. मागायचं नसतं हे ठाऊक असूनही मी मागत होते, आणि मला स्वतःचीच लाज वाटत होती. नंतर तळ्याकाठच्या पिंपळाखाली सावलीला बसलो. तिथं विटांचा बुटका ओटा आहे. मैत्री रांगत रांगत गेली, ओट्याची कड धरली आणि उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा! तेही तिथं! आमच्या बायांनी टाळ्यांचा कडकडाट केला, तिच्या नावानं एकच गलका झाला. मैत्री विटांच्या फटीत बोट घालत राहिली. तिनं मागं वळून बघितलं नाही.

ओट्यावर एक म्हाताऱ्या भिक्खुणी बसल्या होत्या, बहुतेक तिथल्याच, नेपाळी. त्या मैत्रीकडं बघून हसत होत्या. टाळ्या वाजल्या आणि त्यांचं हसू हळूहळू थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं. इतक्या बायांत माझ्याकडंच का, ते मला माहीत नाही.

"माई," त्या म्हणाल्या, "बच्ची को पीछे से बुलाओ."

मी म्हणाले, खेळात रमली आहे. त्यांनी वाद घातला नाही. नुसत्या माझ्याकडं बघत राहिल्या, आणि त्या बघण्यात राग नव्हता की दोष देणं नव्हतं. मग मला बसवेना. मी उठले, मैत्रीच्या पाठीमागं दोन हातांच्या अंतरावर उभी राहिले आणि हाक मारली. एकदा. दुसऱ्यांदा मोठ्यानं. तिसऱ्यांदा माझा आवाज फाटला. आमची सगळी माणसं माझ्याकडं वळून बघायला लागली, फक्त ती वळली नाही.

मी शीतलजवळ गेले. सगळ्यांदेखत म्हणाले, "चुकलं माझं. तुझं खरं होतं."

ती माझ्यावर चिडेल असं वाटलं होतं. तिनं माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "मला एकटीला लई भ्या वाटत होतं, आई."

त्या भिक्खुणी कुठं अदृश्य वगैरे झाल्या नाहीत. तिथंच बसल्या होत्या. मी त्यांना वंदन केलं, त्यांनी मैत्रीच्या डोक्यावर हात ठेवला, बस. कसं ओळखलंत, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

संभाजीनगरला परतल्यावर तपासण्या झाल्या. दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येत होतं. आधी कानाला मशीन लावायचं ठरलं; ऑपरेशन लागेल का, ते नंतर ठरणार होतं. पण डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. तो शब्द ऐकून मी खाली मान घातली, कारण ती वेळ माझ्यामुळं साधलेली नव्हती. माझ्या जाणतेपणानं ती जवळजवळ घालवलीच होती. तो जाणतेपणा त्या ओट्यापाशी गळून पडला नसता तर आजही मी मैत्रीच्या आणि तिच्या कानांच्या मध्ये उभी असते. जे मागत होते ते मला मिळालं नाही. जे बघायचं टाळत होते ते मला बघायला लावलं गेलं. एवढ्यासाठी मी तथागतांची जन्मभर ऋणी आहे.

कानाचं मशीन पहिल्यांदा चालू करायचं होतं त्या दिवशी शीतल म्हणाली, आई, तुम्ही पण आत चला. मी नाही म्हणाले. लेकराच्या कानावर पहिला आवाज तिच्या आईचा पडू दे. मी बाहेर बाकावर बसले. आतून शीतल मैत्रीचं नाव घेत होती, थांबत होती, पुन्हा घेत होती. मग मैत्री एकदम घाबरून मोठ्यानं रडायला लागली आणि शीतलच्या हसण्याचा आवाज आला. हजारदा धावत जाऊन रडती लेकरं उचलली असतील मी. त्या दिवशी लेकराचं रडणं ऐकून मी जागची हलले नाही, हात जोडून बसून राहिले.