पालथे पत्ते

कर्करुग्णांच्या मदतीसाठी गोव्याच्या एका हॉटेलात पोकरची स्पर्धा होती. मी नुसती बघायला गेले होते. पोकरवर पोट भरणारी माणसं एरवी चेहऱ्यावर काही उमटू देत नाहीत म्हणे. पण त्या दुपारी जिंकलेलं सगळं रुग्णालयाला जाणार होतं, त्यामुळे ती नवख्यांशी हसत-बोलत खेळत होती.

त्यातल्या एका पिकल्या केसांच्या खेळाडूने हातातल्या दोन पत्त्यांकडे बराच वेळ पाहिलं, मग डाव सोडला आणि ते पालथेच पुढे सरकवले. शेजारी पहिल्यांदाच खेळायला बसलेल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काय होतं हो? दाखवा की! आज कुठे तुमच्या खिशाला चाट आहे?"

तो ओशाळून हसला. "सोडलेला डाव दाखवत नाही आम्ही, बाई. काय सोडलं हे कळलं, की माणूस कळतो."

पत्ते वाटणाऱ्या मुलीने ते बाकीच्या पत्त्यांत मिसळून टाकले.

मला एकदम ताई आठवली. चित्रकला शिकायला बडोद्याला जायचं म्हणून तिची ट्रंक भरून तयार होती. बाबा अंथरुणाला खिळले आणि तिने ट्रंक उपसली. "माझं मनच लागणार नाही तिकडे," एवढंच म्हणाली. आम्हा भावंडांना ते पटलं, कारण पटणं सोयीचं होतं. पुढे कधीकधी ती पोळपाटावरच्या पिठात बोटाने पक्षी काढायची आणि कुणी आलं की तळव्याने पुसून टाकायची.

ताईला जाऊनही आता वर्षं झाली. त्या खेळाडूचं ठीक आहे, लपवणं हा त्याचा धंदाच आहे. ताईचा नव्हता. कुणी एकदा "दाखव की" म्हटलं असतं, तर तिने दाखवलं असतं.