जाग्या माणसांची डॉक्टर

आमची सूनबाई पंधरा वर्षं भूल देणारी डॉक्टर होती. ऑपरेशनच्या आधी माणसाला झोपवायचं, काम चालू असेपर्यंत त्याचा श्वास सांभाळायचा आणि मग त्याला उठवायचं. मी म्हणायचे, "नशीबवान आहेस बाई, तुझे पेशंट कधी उलटून बोलत नाहीत." ती हसायची. पण एका संध्याकाळी नाही हसली. पिशवी हातात तशीच धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"आई, आज दुकानात एक बाई भेटल्या. पाच तास त्यांचा जीव माझ्या हातात होता. मी विचारलं, कशा आहात? तर म्हणाल्या, आपण कोण?"

"झोपलेल्या माणसाला काय कळणार?"

"तेच ना," ती म्हणाली, आणि पिशवीतले कांदे टोपलीत ओतायचे ते सिंकमध्ये ओतले.

त्या दिवसापासून घराची शांतता गेली. सूनबाईनं ठरवलं, आपण फॅमिली डॉक्टर व्हायचं. बाळाच्या खोकल्यापासून आजीच्या गुडघ्यापर्यंत सगळं घर ज्याच्याकडे जातं, तसला डॉक्टर. आमचे चिरंजीव, म्हणजे तिचा नवरा, म्हणाले, "चाळिशीत लोक चष्मा बदलतात, धंदा नाही." तिनं हॉस्पिटलातून तीन महिन्यांची रजा काढली. तिचे मोठे साहेब भले. म्हणाले, "जागा धरून ठेवतो. रजा संपेल त्या सोमवारी मला काय ते नक्की सांग."

मग तयारी सुरू झाली. जेवणाच्या टेबलावर जाडजूड पुस्तकं आली, ताटं मांडायला जागा उरली नाही. मुलांचा ताप, अंगावरचे चट्टे, म्हाताऱ्यांची चक्कर, सगळं नव्यानं शिकायचं. सराव आमच्यावर. माझे कान तिनं इतक्या वेळा तपासले की तितके लग्नात कानातलं घालतानाही कुणी पाहिले नसतील. घरात शिंकायची चोरी झाली.

आमच्या गल्लीत म्हाताऱ्या डॉक्टरांचा दवाखाना आहे. दोन खोल्या, एक बाक, वजनाचा काटा आणि मध्ये हिरवा पडदा. त्यांचे हात थरथरायला लागले होते आणि ते दवाखाना सांभाळणारं कुणीतरी शोधतच होते. सूनबाईला म्हणाले, "बसा माझ्या शेजारी. आधी नुसतं ऐका."

पण घोडं तिथंच पेंड खात होतं. हॉस्पिटलात मॉनिटरवरचा आकडा खाली गेला की ही औषध द्यायची, आकडा वर यायचा. इथं आकडाबिकडा काही नाही. "बरं वाटत नाही," एवढंच. आणि माणसं कशी, ताकाला जाऊन भांडं लपवणारी. एक गृहस्थ मुलाच्या नोकरीचं पुराण लावायचे आणि उठता उठता म्हणायचे, हो, लघवीला जळजळतं जरा. सूनबाईची बोटं टेबलावर नाचायची.

पहिल्याच आठवड्यात वाणी आला, छाती धरून. हिनं ताबडतोब ॲम्ब्युलन्स बोलावली, सगळी गल्ली गोळा झाली. हॉस्पिटलात कळलं की गॅस. दुसऱ्या दिवशी दुकानात चेष्टा सुरू झाली. "डॉक्टरीणबाईंसमोर ढेकर देऊ नका रे, गाडी येते!" म्हातारे डॉक्टर तिला म्हणाले, "शंका आली तर पुन्हा बोलवा. हसू देत." पण ते तिच्या मनाला लागलं. दुधानं तोंड पोळलं होतं, आता ताकही फुंकणं आलं.

रजा संपत आली तेव्हा एक बसड्रायव्हर पोटात दुखतं म्हणून आला. तिनं पोट दाबून पाहिलं, काही सापडलं नाही. औषध दिलं आणि सांगितलं, "परवापर्यंत थांबलं नाही तर या. वाढलं तर लगेच या." परवा उलटून गेला. ड्रायव्हर आला नाही.

सूनबाईच्या पायाला भिंगरी लागली. खिडकी, टेबल, दार, परत खिडकी.

"आई, अपेंडिक्स असेल तर? फुटलं असेल तर?"

"फोन कर."

"लागत नाही."

"मग जाऊन ये."

"असं प्रत्येकाच्या घरी जाऊ का मी?"

"प्रत्येकाच्या नको. याच्या जा."

तो शनिवार होता. ती ज्या तंद्रीत चपला घालत होती ते बघून मीही बरोबर निघाले. एखाद्या गाडीखाली गेली असती.

ड्रायव्हरनं दार उघडलं ते बनियनवर, हातात कंगवा. "डॉक्टर? काय झालं?"

"तुमचं पोट..."

"ते होय? ते दुसऱ्या दिवशीच थांबलं."

"मग सांगायचं नाही?"

"बरं झाल्यावर डॉक्टरकडे कोण जातं हो?"

मला हसू फुटलं. सूनबाई मात्र चौकटीला टेकली, चार दिवसांचा श्वास सोडल्यासारखी. आम्ही निघणार तेवढ्यात आतून त्याची बायको आली, पदराला हात पुसत. आतल्या खोलीत त्याची आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे या बाईला उंबरा ओलांडायला सवड नाही.

"आलाच आहात तर..." ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, आईंना जरा पाणी द्या."

नवरा आत गेला. तिनं सूनबाईला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर बसून भिंतीवरचं घड्याळ बघत राहिले. दोघी बाहेर आल्या तेव्हा सूनबाईचा चेहरा इतका स्थिर होता की मला भीती वाटली. ऑपरेशनच्या खोलीत तो तसाच असत असणार. तिनं मला वाटेत काही सांगितलं नाही. छातीतल्या गाठीचं पुढे त्या बाईनंच मला सांगितलं. कित्येक महिने लपवली होती. तेव्हा मी फक्त दारातलं बोलणं ऐकलं.

"तपासणीत जे येईल ते तुम्हीच सांगाल ना? दुसऱ्या कुणाकडून नको."

"मीच सांगेन," सूनबाई म्हणाली.

रविवार कसा गेला ते आमच्या फरशीला विचारा.

"तपासणी होऊन रिपोर्ट यायला आठवडा लागणार. आणि उद्या सोमवार, साहेबांना सांगायचा," ती म्हणाली.

"हॉस्पिटलातूनही फोन करून सांगता येतं," चिरंजीव पेपरामागून बोलले.

ती माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तिथं मला सगळं येतं, आई. इथं रोज वाटतं, आज काहीतरी हातून निसटलं. ती बाई दवाखान्यात आलीच नसती. मी तिच्या नवऱ्याच्या पोटासाठी गेले म्हणून कळलं. अशा किती असतील?"

"मग जा परत."

"तुम्ही असं म्हणता?"

"मी काहीच म्हणत नाही. तू फेऱ्या मारतेस आणि माझी मान दुखते, एवढंच."

सोमवारी सकाळी तिनं साहेबांना उभ्यानंच फोन लावला. "सर, मी परत येत नाही." मग बराच वेळ ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "नाही सर, खात्री नाहीच. तरी येत नाही." फोन ठेवून ती तशीच दवाखान्यात गेली, चहा अर्धा टाकून.

रिपोर्ट वाईट आला, पण वेळेत आला. सांगायला सूनबाई एकटी गेली. ऑपरेशन ठरलं तेही तिच्या जुन्या हॉस्पिटलात. त्या बाईनं हट्ट धरला, "भूल तुम्हीच द्या. तुमच्या हातानं निर्धास्त झोपेन."

हिला किती मोह झाला असेल! पण म्हणाली, "माझी मैत्रीण देईल. ती माझ्याइतकीच चांगली आहे. मी बाहेर तुमच्या यांच्याजवळ बसेन. यांना कुणीतरी हवं."

डबा घेऊन मी दुपारी तिथं गेले. पंधरा वर्षं त्या दाराच्या आत असलेली माझी सून बाहेरच्या बाकावर बसली होती, ड्रायव्हरशेजारी. बसली कसली, उठत होती, दाराला कान देत होती, परत टेकत होती.

"डॉक्टर, आत काही चुकतंय का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"नाही, नाही."

"मग बसा की. तुम्ही उठलात की माझ्या पोटात गोळा येतो."

"परत पोट?" ती म्हणाली, आणि दोघंही हसली. तिथली नर्स वळून बघायला लागली.

मग मोठे सर्जन बाहेर आले. भराभर बोलले. गाठ, काखेतल्या गाठी, पुढचे उपचार, बरंच काही. ड्रायव्हर प्रत्येक शब्दाला "हो साहेब, हो साहेब" म्हणत मान हलवत होता. सर्जन गेले. ड्रायव्हर सूनबाईकडे वळला.

"काय म्हणाले?"

सूनबाईनं त्याला हाताला धरून बाकावर बसवलं. स्वतः बसली. पहिल्यापासून सांगायला लागली. त्याला नाही कळलं, तिनं परत सांगितलं. ती तिसऱ्यांदा सांगत होती तेव्हा मी डबा उघडला.